संदुकीतला वास

परवा होळीला जोडून दोन दिवस मिळाले म्हणून धारूरला आईकडे जाऊन आले. गेल्या गेल्या, हातपाय धुवायच्याही आधी, मी तिच्या संदुकीचं झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय हुडकायलीस गं?" मी म्हटलं, "काही नाही, वास घेतेय." त्यावर ती जे म्हणाली ते शेवटी सांगते. त्याआधी एका बाटलीची गोष्ट सांगायला हवी, आणि ती जरा लांबण आहे. चहा घेऊन बसा.

दिवाळीत माझी भाची पॅरिसहून आली. ती तिथे शिकते. येताना माझ्यासाठी एक बाटली घेऊन आली. अत्तर म्हणायचं, परफ्यूम म्हणायचं, की आमच्या लहानपणीसारखं 'सेंट'? आमच्या बीड जिल्ह्यात फवारतात ते सगळं सेंट, आणि कापसाच्या बोळ्याला लावून कानात ठेवतात ते अत्तर. त्या हिशेबाने हे सेंट. नाव 'फेमिनिते द्यू ब्वा'. भाचीने तीनदा म्हणून दाखवलं तरी माझ्या जिभेला काही ते पेललं नाही. अर्थ विचारला तर म्हणाली, "मावशी, लाकडाचं बाईपण असं काहीतरी." म्हटलं, बरं आहे. किंमत मात्र तिने शेवटपर्यंत सांगितली नाही. (ताई, तुला माहीत असेल तर मलाही सांगू नकोस.)

बायकांचं सेंट म्हटल्यावर मी फुलांची तयारी ठेवली होती. मोगरा, गुलाब, जाई, असं काहीतरी. मनगटावर फवारलं आणि पहिल्यांदा आलं ते फळ. आलुबुखारासारखं, पण झाडावरून आत्ताच उतरवलेलं नाही. दोन दिवस घरात राहून मऊ पडलेलं, सालीवर बारीक सुरकुती धरलेलं, आज खाल्लं नाही तर उद्या जाईल असं. त्याच्या मागून थोडी दालचिनी, थोडी लवंग. आणि दहा-पंधरा मिनिटांनी फळ हळूहळू मागे सरायला लागलं आणि लाकूड पुढे आलं. कोरडं, स्वच्छ, सुताराने नुकताच रंधा मारल्यासारखं. शाळेत पेन्सिलला टोक केल्यावर तो भुगा आपण नाकाशी न्यायचो ना, त्याच्या जवळचं.

वासालाही माणसासारखा स्वभाव असतो असं मला नेहमी वाटतं. काही वास सलगी करतात. काही नुसते मिरवतात. हा वास म्हणजे आपल्या ओळखीतली ती एक बाई असते बघा, आल्या आल्या गोड बोलते, चौकशी करते, हातावर काहीतरी खाऊ ठेवते. मग बसल्यावर तासाभराने लक्षात येतं की ही बाई चांगलीच कणखर आहे. मघाचा गोडवा खराच होता, पण तो दार उघडण्यापुरता. घर आत वेगळं आहे. मला तो वास आवडला, आणि आवडायला दोन दिवस लागले हेही खरं.

मग मी त्याच्याविषयी वाचत बसले. (रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या बाईला दुसरं काम काय!) हे सेंट पहिल्यांदा १९९२ साली आलं, शिसेडो या जपानी कंपनीकडून. कल्पना सर्ज ल्युतांस नावाच्या फ्रेंच माणसाची, आणि प्रत्यक्ष बनवणारे दोघे, पिएर बूर्दों आणि ख्रिस्तोफर शेल्ड्रेक. या ल्युतांसचा जीव मोरोक्कोतल्या अ‍ॅटलास पर्वतातल्या सीडार झाडाच्या लाकडावर जडला होता. ते झाड म्हणजे आपल्या हिमालयातल्या देवदाराचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. बायकांच्या सेंटात लाकूड त्याआधीही असायचं, पण बहुतेक वेळा तळाशी, फुलांना आधार म्हणून. इथे त्याने ते लाकूड बैठकीत आणून बसवलं आणि शेजारी फळं ठेवली. पुढे २००९ साली ल्युतांसने ते स्वतःच्या नावाने पुन्हा बाजारात आणलं. भाचीने आणलेली बाटली ती.

हे वाचताना मला हसू आलं, कारण ही वाटणी आमच्या घरातही होती की! बायकांना फूल, पुरुषांना लाकूड आणि मुळं. आमचे अण्णा हिन्याचे शौकीन. वर्षातून एकदा बीडला शहेनशाहवलीच्या उरुसाला जायचे आणि तिथून बोटाएवढी कुपी घेऊन यायचे. उन्हाळ्यात खस. लग्नाकार्याला निघताना कापसाचा फाया कानाच्या पाळीत. आईला गजरा. आईने अत्तर लावलं आणि अण्णांनी गजरा घातला असं कधी झालं नाही, होणारही नव्हतं. पण रात्री अण्णा आले की कानातला फाया काढून देवळीत ठेवायचे, आणि सकाळी आई तो उचलून संदुकीत, साड्यांच्या घडीत सरकवायची. म्हणजे हिन्याचा वास तिच्यापर्यंत यायचा, पण असा, उतरलेला, दुसऱ्या दिवशीचा. लहान असताना मला ती काटकसर वाटायची.

आता थोडी शिकवणी, मग पुन्हा गोष्टीकडे येते. :)

गुलाब, केवडा, खस, चंदन, देवदार यांचा अर्क काढता येतो. कनौजला अजूनही जुन्या पद्धतीने तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरते, आणि त्या भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. फुलाचा वास त्या तेलात मुरतो. (चंदन फार महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी दुसरं काहीतरी वापरतात, ते सोडा.) म्हणजे बघा, जुन्या पद्धतीचं गुलाबाचं अत्तर आपण गुलाब म्हणून लावतो, पण त्या गुलाबाला धरून ठेवलेलं असतं लाकडाने.

फळांचं मात्र असं जमत नाही. संत्र्या-लिंबाच्या सालीतून तेल निघतं, पण आलुबुखार किंवा पीच डेगेत घातलं तर फार तर मुरांबा होईल. सेंटातलं फळ बहुतेक वेळा प्रयोगशाळेत जुळवलेलं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञांना एक लॅक्टोन सापडलं, ज्याला हुबेहूब पिकलेल्या पीचचा वास येतो. १९१९ साली गर्लां या फ्रेंच घराण्याने 'मित्सुको' नावाच्या सेंटात ते वापरलं आणि ते सेंट गाजलं. फळाच्या वासाची सेंटं म्हटली की त्याचं नाव अजून निघतं.

शिवाय प्रत्येक रेणूचं वजन वेगळं. हलके लवकर उडतात, जड मागे रेंगाळतात. म्हणून सेंट लावल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एक असतं आणि तीन तासांनी दुसरंच. सगळं एकदमच मिसळलेलं असतं, उडतं मात्र रांगेने. ऊन असेल तर ती रांग आणखी घाईत सरकते. पुण्यात माझ्या मनगटावर फळ अर्धा तास राहिलं. धारूरच्या दुपारी दहा मिनिटंही नाही.

धारूरला मी भाऊबीज झाल्यावर गेले होते. बाटली पर्समध्ये होती. दुपारी ओट्यावर बसून उगाच थोडं फवारलं. आई ज्वारीचं पीठ चाळत होती. तिचा हात थांबला.

"काय लावलंयस गं?"

"सेंट आहे. तुझ्या नातीनं आणलंय."

तिने चाळणी बाजूला ठेवली, जवळ आली, माझं मनगट धरून नाकाशी नेलं. डोळे मिटले. आणि म्हणाली, "हे तर संदुकीत सीताफळं घातल्यावानी यायलंय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. दोन दिवस मी ज्या वासाला आलुबुखार आणि पेन्सिल म्हणत होते, तो वास मला इतका ओळखीचा का वाटतोय हे मला कळत नव्हतं. तिने एका वाक्यात सांगून टाकलं.

ज्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी संदुकीबद्दल सांगते. ती माझ्या आजीची, सागवानी, पितळी कड्यांची, पलंगाएवढी लांब. तिच्यात साड्या, गोधड्या, दागिन्यांचा डबा, जमिनीचे कागद, सगळं. आणि दसरा आला की एका कोपऱ्यात सीताफळं. आमच्याकडची सीताफळं बालाघाटच्या डोंगरातली. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आत्ता, पण आम्हाला ते फळ विकत घ्यायचं असतं हेच पुण्याला आल्यावर कळलं. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांच्या मधल्या रेघा पांढुरक्या-पिवळ्या दिसायला लागल्या, की फळ काढायचं आणि पिकायला घालायचं. पोत्यात घातलं तर उंदीर, माळवदावर ठेवलं तर वानरं. म्हणून आजीची युक्ती, संदूक. गव्हाचं काड पसरायचं, त्यावर फळं, वरून जुनं धोतर. दोन-तीन दिवसांनी झाकण उघडलं की जो वास यायचा...

तो नुसता सीताफळाचा नव्हता, आणि नुसत्या सागवानाचाही नव्हता. पिकून फुटायला आलेल्या फळाचा गोडवा, जुन्या लाकडाचा तेलकट कोरडेपणा, आणि कुठल्यातरी घडीतला अण्णांचा हिना. माझा शाळेचा गणवेशही त्याच संदुकीत असायचा. ऑक्टोबर महिनाभर माझ्या अंगाला सीताफळाचा वास यायचा आणि वर्गातल्या मुली डब्यात सीताफळ आणलंय का म्हणून विचारायच्या.

सीताफळाचा हंगाम महिना-दीड महिन्याचा. फळ पिकलं की दोन दिवसांत खावं लागतं, आणि गर तापवला की कडू होतो, त्यामुळे मुरांबासुद्धा करता येत नाही. डोंगरातून पाटीभर सीताफळं डोक्यावर घेऊन बाया यायच्या, ओट्यावर टेकायच्या, पाणी मागायच्या. हंगाम संपत आला की त्यांच्यातल्या कितीतरी कोयता घेऊन ऊसतोडीला निघायच्या, अजूनही निघतात. मग सहा महिने त्यांच्या दाराला कुलूप. तर असा हा वास, जपून ठेवता न येणारा. फक्त संदुकीचं लाकूड त्यातलं थोडंसं धरून ठेवायचं, संक्रांतीपर्यंत.

आता त्या दुपारचं पुढचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे.

सीताफळाचं बोलता बोलता आईने स्वतःचं मनगट पुढे केलं. अगदी सहज, जसं आपण हळदीकुंकवाला करतो. मी बाटली उचलली. आणि तेवढ्यात तिचा हात मागे गेला. पदराखाली.

"मला कशाला," म्हणाली. "तू लाव."

आणि पुन्हा पीठ चाळायला लागली.

अण्णा १९९८ साली गेले. आई तेव्हा बावन्न वर्षांची होती, म्हणजे आज मी आहे त्यापेक्षा लहान. त्या तेरा दिवसांत जे झालं ते आमच्याकडे जसं व्हायचं तसंच झालं. कुंकू, बांगड्या, जोडवी. त्यावर मी तेव्हा भांडलेही होते, आणि भांडून पुण्याला परत आले होते. आपण भांडलो याचा मला पुढे बरीच वर्षं अभिमान होता. पण गजरा कधी थांबला हे मला आठवत नाही. कुणी थांबवलाच नाही. नुसता कुणी आणला नाही.

जुन्या शास्त्रग्रंथांत विधवेने सुगंध, फुलं, विडा वर्ज्य करावा असं लिहिलेलं आहे. ते आमच्या घरात कुणी वाचलं नव्हतं. वाचायची गरजही पडली नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. पडल्या पडल्या मी हिशेब करत होते, इतक्या वर्षांत आईसाठी मी काय काय आणलं. शाली. स्वेटर. मिक्सर. मोठ्या अक्षरातली ज्ञानेश्वरी. मोबाइल. गरम पाण्याची पिशवी. चांगल्यातली काठी. दर दिवाळीला साडी, नेहमी फिकट रंगाची, आणि तो रंग मीच निवडलेला. आणि गुडघ्याला लावायचं मलम, निलगिरीच्या वासाचं. हे आठवलं आणि मी उठून बसले. पंचवीसहून जास्त वर्षांत मी माझ्या आईला दिलेला एकुलता एक वास म्हणजे ते मलम.

आणि मग २००४ सालची संक्रांत आठवली. आई तेव्हा पुण्याला माझ्याकडे आली होती. माझ्याकडे हळदीकुंकू होतं. पंधरा-सोळा बायका. मी एकेकीच्या हाताच्या मागच्या बाजूला अत्तर लावत होते, सून गुलाबपाणी शिंपडत होती... नाही, सून तेव्हा कुठली, शेजारची मुलगी. आई आत स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधत बसली होती. "मी आतलं बघते," असं तीच म्हणाली होती आणि मीही "बरं" म्हटलं होतं. मधेच वाण कमी पडलं म्हणून मी आत गेले. तिच्यासमोर उभी राहिले, पुड्या घेतल्या, "किती छान बांधल्यास गं" म्हणाले आणि बाहेर आले. अत्तरदाणी माझ्या हातात होती.

ती मी बाजूला ठेवलीसुद्धा नव्हती. हातातच होती. आणि माझ्या डोक्यातही आलं नाही. मी, जी कॉलेजात मुलींना समानतेवर भाषणं द्यायची. मी तिला नको म्हटलं असतं तर निदान ते मला आठवलं असतं, टोचलं असतं. मी काही म्हटलंच नाही. बायकांमध्ये तिला मोजायचं मी कधी बंद केलं ते मलाच कळलं नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवा असं परिपत्रक काढलं. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा मी धारूरलाच होते. मला केवढा आनंद झाला! आई तांदूळ निवडत होती. "चांगलं केलं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तर म्हणाली, "आता या वयात कुकू लावून मला कुठं मिरवायचंय? पोरीसोरींसाठी चांगलं झालं." मला वाटलं, हिला सवय झाली. आता वाटतं, ती बरोबर बोलत होती. ठराव गावाने गावासाठी करायचा असतो आणि तो व्हायलाच हवा. पण माझ्या हातातली अत्तरदाणी काही ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती घसघस आवाजाने. आई देवापुढे सहाणेवर चंदन उगाळत होती. हा आवाज मी जन्मापासून ऐकतेय. देवांना गंध लावलं, आणि सहाणेवर जे उरलं ते तिने बोटांनी निपटून तळहातांवर चोळलं, दोन्ही हात एकमेकांवर फिरवत, कोपरापर्यंत. हेही मी जन्मापासून बघत आले असेन. पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"आई, तुझ्या हाताला रोज चंदनाचा वास असतो."

"देवाचं असतंय ते," ती म्हणाली. "वाया कशाला घालवायचं?"

चंदनाचं झाड बाहेरून काहीच सांगत नाही. आमच्या बांधावर एक होतं. त्याच्या सालीला वास नाही, पानांना नाही, फुलांनाही सांगण्यासारखा नाही. इतकंच काय, बुंध्याच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडालाही नाही. वास असतो तो आतल्या गाभ्याला, आणि तो गाभा धरायला कितीतरी वर्षं जावी लागतात. ते झाड एकटं नीट वाढतही नाही. दुसऱ्या झाडांच्या मुळांत मुळं घालून त्यांच्याकडून थोडंफार घेत उभं राहतं. आमचं ते झाड एका रात्री चोरांनी कापून नेलं. आमच्या भागात अशा बातम्या येत असतातच. सकाळी अण्णा बांधावर गेले तर नुसता खुंट, आणि त्या खुंटाचा वास वावरभर.

तर आईने तिची सोय अशी लावून घेतली होती. फूल गेलं होतं. अत्तर गेलं होतं. लाकूड तेवढं देवाच्या नावाने हाताशी राहिलं होतं, आणि ते ती रोज पहाटे, कुणी उठायच्या आत, कोपरापर्यंत लावत होती. मी उगाच तिची कीव करत होते.

निघताना मी बाटली संदुकीत ठेवली. साड्यांच्या घडीत, जिथे ती फाया ठेवायची तिथे. सांगितलं काहीच नाही. सांगितलं असतं तर "ने माघारी" म्हणाली असती आणि मला न्यावी लागली असती.

नंतर चार महिने फोनवर तिने तो विषय काढला नाही. मीही नाही. औषधं घेतलीस का, पाणी येतंय का, अमक्याची मुलगी दिली का, हेच. मी मनात म्हणत होते, सापडलीच नसेल. किंवा सापडली आणि कुणाला तरी देऊन टाकली असेल. तिची सवयच आहे ती.

म्हणून परवा गेल्या गेल्या आधी संदूक.

झाकण उघडलं आणि तो वास आला. डोळ्यांत पाणी वगैरे येईल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. मी एकदम आठ वर्षांची झाले आणि मला भूक लागली. :) बाटली होती तिथेच होती, फक्त आता एका हातरुमालात गुंडाळलेली. उजेडाला धरून बघितली. चांगली दोन बोटं उतरली होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, "झाकण लाव आधी. उडून जायलाय सगळा वास."

मी झाकण लावलं. आई हात पुसत येऊन कॉटवर बसली. मग मला, रसायनशास्त्राच्या बाईला, तिने शिकवलं. "दुपारचं मारायचं नाही ते. उन्हात फळ टिकत नाही, भुर्रकन जातंय. रातच्याला मारायचं. सकाळपत्तूर फळ गेलेलं असतंय, लाकूड ऱ्हातंय. मला ते मागचंच आवडतंय."

"कुठं मारतेस? संदुकीत?"

"संदुकीत एकदा." मग थोडं थांबून, "आन् एकदा इथं." डाव्या मनगटाकडे बोट.

मी काही बोलले नाही. मला माझ्या आईची भीती वाटते, अजूनही. जास्त कौतुक केलं तर ती थांबवेल.

संध्याकाळी शेजारच्या काकू पुरणपोळ्या घेऊन आल्या. संदुकीला टेकूनच बसल्या. बोलता बोलता नाक वर करून म्हणाल्या, "अहो, कशाचा वास यायलाय? सीताफळं पिकायला घातलीत का?"

"हो," आई म्हणाली.

"फाल्गुनात?"

"दिवाळीची ऱ्हायलीत थोडी," आई म्हणाली, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, आणि काकूंच्या पुढे चहाचा कप सरकवला.

काकूंनी एकदा संदुकीकडे बघितलं, एकदा आईकडे. त्याही अलीकडेच, दोन वर्षांपूर्वी, एकट्या झाल्यात. त्यांनी चहा घेतला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "दिवाळीची सीताफळं एवढी टिकली, तर एखादं मलाबी द्या की."

आई उठली. काकूंना हाताला धरून आत घेऊन गेली आणि संदुकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

मी ओट्यावरच बसून राहिले. असो. भाचीला फोन करायचाय, पुढच्या वेळी येताना दोन आण म्हणून. पैसे मी देईन. यावेळी किंमत विचारणार नाही.